पान ४७: आधी डावा पाय

३ जून, सोमवार
लेकीची ज्युदोच्या पट्ट्याची परीक्षा २३ला. जोडीदारणीचा पाय मुरगळलाय, म्हणून सर म्हणाले, घरातलं कुणी उभं करा. मी होकार दिला. बायको हसली. हसू दे. ज्युदोच्या पुस्तकाची तिन्ही प्रुफं मीच वाचली होती. छापखान्यात मुद्रितशोधक असल्याचा हा फायदा, गुरू न करता सगळ्या विद्या येतात. उद्यापासून सराव.

६ जून
प्रुफांचा ढीग. सराव नाही. चहा पिताना मनातल्या मनात तीन डाव टाकले. 'पडावं कसं' हे प्रकरण गाळायचं ठरवलं. पडायला शिकवणी कशाला?

९ जून, रविवार, सकाळी ७
हॉलमध्ये गाद्या घातल्या. कमरेवरून फेकायचा डाव. लेकीने आधी उजवा पाय टाकला. तिथेच थांबवलं. पान ४७: आधी डावा. ती म्हणाली, सर तर उजवा सांगतात. म्हटलं, सर नुसतं बोलतात, हे छापलंय. तिने डावा टाकला.

७.२०
एकदाच पडलो. गादी जुनी आहे.

१० ते १४ जून
कंबर शेकली. खुर्चीत बसून शिकवलं. थिअरी पक्की असली की शरीर आपोआप मागून येतं. माझं अजून यायचंय.

१६ जून
डावा पाय आधी टाकला की माझाच तोल जातो, लेक म्हणाली. म्हटलं, सवय होईल. तिने विचारलं, बाबा, नक्की ना? म्हटलं, छापील आहे. पुन्हा विचारलं नाही तिने.

२० जून
ऑफिसच्या कपाटात जुनी प्रुफं सापडली. पान ४७. लेखकाचा शब्द 'उजवा'. तो खोडून समासात लाल शाईने 'डावा'. अक्षर माझं. वरच्या ओळीतही 'उजवा' होता. तेव्हा वाटलं असणार, माणसाला दोन्ही पाय उजवे कसे असतील? फार थकवा आलाय. उद्या लेकीला सांगायचं.

२१ जून
कामात राहून गेलं.

२२ जून
तिला आता डावा जरा जमतोय. ऐन वेळी पोरीचा गोंधळ करू नये. बापाने एवढं तरी समजून घ्यावं.

२३ जून, रविवार
डाव्या पायाने आत आली, माझ्या पायात अडकली, दोघंही आडवे. तिचं कोपर सोललं. सरांनी आणखी एक संधी दिली. पुन्हा डावा. पुन्हा आडवे. सरांनी विचारलं, हे असलं कुणी शिकवलं? लेक म्हणाली, कुणी नाही सर, माझंच चुकलं. पट्टा मिळाला नाही.
मी शेजारीच उताणा होतो. मार कमरेला होता, तोंडाला नव्हता. तरी बोललो नाही. लाज वाटली, आताही वाटतेय.
घरी येताना दोन्ही पिशव्या तिनेच घेतल्या. म्हणाली, बाबा, तुझी कंबर दुखत असेल.