वाणाच्या वाट्यांना गंज

१७ जानेवारी, शनिवार

लिहायला बसले, कारण हे बोलायला घरात कोणी नाही. ह्यांना सांगितलं की साकेतला कळणार, साकेतला कळलं की मृणालला कळणार, आणि मृणालला कळता कामा नये. वहीला तोंड नसतं, म्हणून वही.

प्रकार असा. सुनेची लग्नानंतरची पहिली संक्रांत. हळदीकुंकू आमच्याकडे, रथसप्तमीला, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी. गुरगावच्या ऑफिसातून त्याआधी तिची सुटका नाही म्हणे. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या. प्लास्टिक मी देत नाही! गेल्या वर्षी शालिनी वागळेने प्लास्टिकच्या चाळण्या दिल्या, तेव्हा मी चारचौघींत म्हणाले होते, "शालिनी, वाण कसं टिकणारं द्यावं गं." ती नुसती हसली होती. ते हसू आज सारखं डोळ्यांपुढे येतंय.

वाट्यांवर नाव घातलं. आमच्या घरात बिननावाचं भांडं नाही, आचमनाच्या पळीवरसुद्धा आहे. फरीदाबादच्या दुकानदाराला 'ळ' काढता येत नाही. म्हणून ह्यांनी कारखान्यातून निवृत्त होताना आणलेलं नाव घालायचं मशीन माळ्यावरून काढलं आणि नावं घालायला मी स्वतः बसले. 'सौ. मृणाल साकेत पळसुले'. अक्षर सुरेख आलं. वाट्या धुतल्या, एकात एक घातल्या, खोक्यात ठेवल्या.

आज खोकं उघडलं. वाट्या चकचकीत. गंज फक्त नावाला! प्रत्येक अक्षर तांबडं. काना, मात्रा, उकार – काही म्हणून सुटलेलं नाही.

परत करता येत नाहीत. नाव घातलेलं भांडं कोण परत घेतो?

१८ जानेवारी

ह्यांना कळलं. चिंचेच्या वासाने स्वयंपाकघरात आले.

"आमटी का?"

"नाही."

वाटी उचलून चष्म्याजवळ नेली. "स्टेनलेसला गंज लागत नाही."

"मग हे काय आहे? गेरू?"

"हे लोखंड आहे. मशीनच्या टोकाचं लोखंड अक्षरांत घासलं गेलं. त्यात आपलं बोअरचं पाणी. शिवाय ओल्याच ठेवल्यास."

"म्हणजे मशीन तुमचं."

"हात तुझा."

बेचाळीस वर्षं संसार केला. दर वेळी शेवटचं वाक्य त्यांचं कसं पडतं, कळत नाही.

चिंचेने नाव मात्र स्वच्छ निघालं. साकेतला सांगायचं नाही, असं ह्यांना बजावलं.

१९ जानेवारी

सकाळी उठून पाहते, तर नाव पुन्हा उगवलंय!

खाण्याच्या सोड्याचा लेप दिला. हे म्हणाले, "मी मदत करतो." मी देवपूजेला बसले तेवढ्यात तारेची घासणी घेऊन मदत केली. आधी नुसतं नाव वाईट दिसत होतं. आता नावाच्या आजूबाजूचंही दिसतंय. वर त्या घासणीचंच लोखंड वाटीला लागलं, म्हणजे उद्या तेही उगवणार!

२० जानेवारी

टूथपेस्ट. काही उपयोग नाही. वाटीला पुदिन्याचा वास मात्र पक्का बसला.

२१ जानेवारी

धुकं इतकं की समोरची पाण्याची टाकी दिसत नाही. अशा हवेत काय वाळणार?

ह्यांनी मला न विचारता एका वाटीवर बाथरूमच्या फरशा धुवायचं ॲसिड ओतलं. वाटी काळी पडली. त्या वाटीचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही.

पण त्या वासाने माझं डोकं ताळ्यावर आलं. अहो, मी बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्राची! चिंचेच्या मागे का लागले होते? सासूबाई चिंच लावायच्या म्हणून. त्या पितळ घासत होत्या, स्टील नव्हे.

वाण्याकडून लिंबूसत्त्व आणलं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात नको, स्टीलच्या मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात विरघळवलं, वाट्या बुडवून ठेवल्या. मग पिण्याच्या पाण्याने धुतल्या, एकेक पुसली, हीटरसमोर ओळीने मांडली. हे म्हणाले, "वाट्यांना थंडी वाजतेय का?"

२२ जानेवारी

गंज नाही!

२३ जानेवारी

आजही नाही. शालिनीचा फोन. "वासंतीताई, यंदा वाण काय?"

"टिकाऊ," म्हणाले.

"बाई बाई! मग पिशवी मोठी आणते."

आणू दे. वाट्यांवर ऊन पडलं तेव्हा नाव असं झळकलं, की मला माझंच कौतुक वाटलं. मृणालने उद्या यावं आणि बघावं.

२४ जानेवारी, शनिवार

तिने पाहिलं.

दुपारी दोघं आली. मी हौसेने वाट्या पुढे मांडल्या. तिने एक उचलली, फिरवून वाचली.

"आई, ही कोण?"

"कोण म्हणजे?"

"ही सौ. मृणाल साकेत पळसुले. मी तर मृणाल चेंबूरकर. लग्नाआधीच सांगितलं होतं, आडनाव बदलणार नाही."

"ते ऑफिसात."

"ऑफिसात, बँकेत आणि घरात. मी एकच आहे हो!"

साकेत मध्ये पडला. "यार आई, विचारायचं ना!"

"विचारलं असतं तर?" मी मृणालला म्हणाले.

"नाही म्हणाले असते."

"म्हणूनच नाही विचारलं!"

हे खोकले. त्यांना खोकला नव्हता, हसू दाबत होते. पण मृणाल हसली नाही. वाटी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "उद्या मी हळदीकुंकू लावीन, तिळगूळ देईन, काळी साडी नेसेन, हलव्याचे दागिनेसुद्धा घालीन. पण या वाट्या माझ्या हातून जाणार नाहीत. दुसरीच्या नावाचं वाण मी का वाटू?"

आणि आत निघून गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. हलकेच लावलं.

आता आली का पंचाईत! पहिल्या संक्रांतीचं वाण सुनेच्याच हातून गेलं पाहिजे. बायका बघणार. शालिनी तर मोठी पिशवी घेऊन बघणार. आणि खरं सांगायचं तर प्रश्न बायकांचा नव्हताच. आठ महिन्यांत ही मुलगी माझ्याशी पहिल्यांदा अशी बोलली, आणि एकही शब्द चुकीचा बोलली नाही. मला चुका काढायची सवय आहे. शोधली, सापडली नाही.

चहा झाला. मी ह्यांना म्हटलं, "बारीक पॉलिश पेपर आहे का? पाण्यातला?"

"कशाला?"

"द्या."

गॅलरीत पाट टाकून बसले आणि नाव घासायला लागले. गंज काढायला इतके दिवस गेले, आता नावच काढायचं. पाण्यात बुडवायचं, एकाच दिशेने घासायचं. आधी 'सौ.' गेलं. मग 'मृ'. माझंच अक्षर, खोल आणि ठसठशीत! जाता जाईना.

साकेत आला, एक वाटी घेऊन बसला. हे आले. आडवं-उभं घासायला लागले, त्यांना उठवलं आणि पुसायच्या कामाला लावलं.

थोड्या वेळाने मृणाल आली. बाही वर केली. तिने 'पळसुले'पासून सुरुवात केली. मी पाहिलं. तिनेही, मी पाहिलं ते पाहिलं.

"आई, 'मृणाल' एवढं ठेवलं तरी चाललं असतं."

"आधी सांगायचं होतंस!"

"विचारलं नाहीत."

या वेळी ती हसली. मग मीही हसले. बोटं गारठली होती, हात काळे झाले होते. सगळ्या वाट्या पुन्हा लिंबूसत्त्वात, पुन्हा हीटरसमोर.

२५ जानेवारी, रथसप्तमी

पार पडलं. मृणालने स्वतः वाण दिलं, एकेकीच्या ओटीत. काळी साडी तिला फार शोभते. हे तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

नाव होतं तिथे वाटी थोडी धुरकट दिसते. शालिनीने अंगठा फिरवून पाहिला, अर्थातच.

"वासंतीताई, तुमचं भांडं आणि नाव नाही? सूर्य पश्चिमेला उगवला!"

"जागा ठेवली आहे," मी म्हणाले. "जिची तिने घालावी."

"अय्या, किती छान कल्पना!" असं आणखी दोघी म्हणाल्या. पुढच्या वर्षी सगळ्यांच्या वाणावर धुरकट जागा असणार, बघा.

मृणाल स्वयंपाकघरात पळाली. हसू आवरायला, असं मला वाटलं. बराच वेळ आली नाही. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता.

२६ जानेवारी

दोघं निघाली तेव्हा मी मृणालला म्हणाले, "पुढच्या संक्रांतीला वाण काय देऊ या?" विचारलं! हे लिहून ठेवते.

ती म्हणाली, "वाण तुम्ही ठरवा. फक्त बोरं आणून ठेवा, आई. बोरन्हाणाला लागतील."

हे मागून म्हणाले, "बोरं? इथे चांगली मिळत नाहीत." साकेत लाल. मी दाराची चौकट धरली.

आडनाव कोणाचं लावणार, हे अगदी ओठांवर आलं होतं. तिळाच्या वडीबरोबर गिळलं.

मृणालच्या हाती दिली – उरलेली एक वाटी. बिननावाची. मऊ भाताला पुरेल.