एका घासाला एक रिंग

४ मार्च
डॉक्टरीणबाईंनी आज भलताच प्रश्न विचारला. लहानपणी घरात कोणी सिगारेट ओढायचं का? माझी तर कळीच खुलली! म्हटलं, ओढायचं काय विचारता – माझे बाबा धुराच्या अश्शा रिंगा सोडायचे की बघत राहावं. मी जेवणाच्या बाबतीत महानखरेल. आई भरवायची, बाबा समोर बसायचे – एका घासाला एक रिंग. मी रिंगेत बोट घालायचे आणि आ करायचे. ताट चाटूनपुसून साफ!

नवरा हसला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

मग समजावून सांगितलं. लहान वयात दुसऱ्याचा धूर छातीत गेलेल्या मुलींना पुढे दिवस राहायला वेळ लागू शकतो, राहिले तर टिकायला अडचण येऊ शकते, पाळीही लवकर जाऊ शकते. ‘तुमचं गेल्या वर्षी मूल पडलं ते त्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण विचारावं लागतं.’ माझी बीजं वयाच्या मानानं कमी आहेत म्हणे. आशा आहे, पण आता रेंगाळू नका.

घरी येताना सगळी बडबड नवऱ्यानंच केली.

५ मार्च
दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासल्या. एका आजोबांना दुसऱ्याच आजोबांचा चष्मा दिला. ते खूश – म्हणे, आता कुठे बायको स्पष्ट दिसेनाशी झाली.

८ मार्च
राग यायला हवा ना? येत नाही. रडू येतं. बाबांच्या रिंगा ही माझ्या लहानपणातली सगळ्यात लाडकी गोष्ट. तीच नेमकी! दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, हात असा स्थिर की रिंगसुद्धा कंपासनं काढल्यासारखी. त्यांना कुठे माहीत होतं? पोरगी जेवते आहे, एवढंच दिसत होतं.

ठरलं. बाबांना सांगायचं नाही. खचतील. नवऱ्यालाही बजावलं.

आईला मात्र फोनवर सांगितलं. शपथ घालून. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असून! पण कुणाशी तरी रडायचं होतं.

२ एप्रिल
गोळ्या, तपासण्या, इंजेक्शनं. आज नवऱ्याला सुई बघून भोवळ आली. सुई मला होती!

३० एप्रिल
पाळी आली. आज काही लिहीत नाही.

१९ मे
आई-बाबा राहायला येऊन आठवडा झाला. मी धास्तावले होते, बोलता बोलता तोंडातून निसटेल म्हणून. पण बाबा मजेत! नवऱ्याला पत्त्यांत हरवतात आणि वर त्यालाच शिकवतात. फक्त जेवण झालं की ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणून जिना उतरतात. परत येतात ते तोंडात पेपरमिंट चघळत. अहो बाबा, वास लपवायला एवढं सोंग कशाला? कोपऱ्यावर उभं राहून ओढत असणार, मला काय कळत नाही?

काल वरच्या मजल्यावरच्या काकू रिंगा दाखवा म्हणून मागे लागल्या, तर म्हणाले घसा बसलाय. बसलेल्या घशानं मग तासभर गप्पा छाटल्या. आई उगाच खिडकीबाहेर बघत होती.

६ जून
पाळी चुकली आहे. लिहायची हिंमत नाही. पण लिहिलं.

२७ जून
ठोके ऐकू आले! टकटक टकटक, भलतीच घाई स्वारीला. बाबा हट्टानं बरोबर आले होते, कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आत्ता घरात कोणी ओढतं का? मी बाबांकडे न बघता ‘नाही’ म्हणणार, तेवढ्यात तेच बोलले.

‘मी ओढायचो. हिच्या तोंडावर. हिच्या आईनं सांगितलं, त्या दिवसापासून बंद आहे.’

मग बाबांनी खिशातून पेपरमिंट काढली, कागद सोडवला आणि माझ्यासमोर धरली. हात थरथरत होता.

मी आ केला.