झोपेत शांत आढळलेल्या मुलीच्या फेरतपासणीबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
बालक सवलत विभाग, दुसरा मजला.

विषय : अर्जदाराच्या मुलीची तपासणी ती जागी असताना होणेबाबत.
संदर्भ : आपल्याच सहीची कालच्या तारखेची दोन पत्रे.

महोदय,

१. अर्जदार घड्याळे दुरुस्त करतो. दिवसभर एका जागी बसणे हाच त्याचा धंदा. त्याची आठ वर्षांची मुलगी मात्र घटकाभर बूड टेकत नाही; घरात तिला भिंगरीच म्हणतात. अर्जदार पूर्वी तिला दटावीत असे, दोनदा हातही उचलला, त्याची त्याला आज लाज वाटते. हा वांडपणा नसून अतिचंचलता आहे, दहा मिनिटे अभ्यास व दोन मिनिटे फेरी अशी सवय लावा, असे डॉक्टरांनी समजावले. तेव्हापासून पोर पाढे म्हणू लागली. शाळा परीक्षेत फेऱ्या मारू देण्यास राजी आहे, परंतु आपला दाखला मागते. परीक्षा सोमवारी आहे.

२. सबब काल सकाळी दहाला अर्जदार मुलीसह हजर झाला. आपण बैठकीत होता. त्या अवधीत मुलगी जिना एकोणीस वेळा चढली-उतरली, तिने शिपायाची घंटा वाजवून चौघांना परस्पर आत पाठवले आणि कारकुनाचे शिक्के उचलून एका गुडघ्यावर ‘आवक’ व दुसऱ्यावर ‘जावक’ असे छापून घेतले. मागे धावून अर्जदार मेटाकुटीस आला. साडेचारला आपण आलात, तेव्हा पोर बाकावर गाढ झोपली होती. आपण दारातूनच शेरा दिला : ‘मुलगी शांत आढळली. दाखला नामंजूर.’

३. निघताना दुसरे पत्र हाती पडले : मुलीच्या अनावर धावपळीने कार्यालयाचे कामकाज दिवसभर विस्कळीत झाले, खुलासा करावा. खुलासा असा की, हे दुसरे पत्र शब्दशः खरे आहे. इतके चोख वर्णन डॉक्टरांनाही साधले नव्हते. तेच दाखला म्हणून ग्राह्य धरावे.

४. ते नियमात बसत नसल्यास फेरतपासणी सोमवारी परीक्षेआधी सकाळीच व्हावी. मुलगी काल घरी म्हणाली, “बाबा, मी बसते हो, पण पाय बसत नाहीत.” अर्जदार बंद घड्याळे चालू करतो, चालते बंद करणे त्याला येत नाही व करायचेही नाही. परीक्षा बुडाली तर पोरीचे वर्ष जाईल.

उत्तराची वाट पाहत एका जागी बसलेला,
अर्जदार (भिंगरीचा बाप)
दिनांक : शुक्रवार. मध्ये दोन सुट्ट्या आहेत.

सोबत :
(१) संदर्भातील दोन्ही पत्रे.
(२) ‘जावक’ शिक्का, मुलीच्या खिशात सापडला, साभार परत.
(३) मुलीने स्वहस्ते लिहिलेला माफीनामा, ओळी चार. दर ओळीनंतर अंगणात एक फेरी मारू दिली. एकही चूक नाही.