शिरोरेघेचं उजवं टोक

प्रिय खारूताई,

तू आत्ता रविवारच्या पाहुण्यांसाठी खुर्च्या ठरवायला गेली आहेस आणि मी दुकानाचं दार अर्धं लोटून हे लिहायला बसलो आहे. अक्षराकडे बघून दचकू नकोस. ही दुसरी बैठक आहे. काल एवढ्याच मजकुराला दोन कागद वाया गेले. लहानपणी तू पेनांची टोपणं गोळा करून माझ्या बाकाखाली दडवायचीस, म्हणून तुझं नाव खारूताई पडलं. आज ते टोपणांचं डबडं हाताशी घेऊनच बसलो आहे. त्यातली निम्मी टोपणं ज्या पेनांची, ती पेनं जगात कुठे असतील कोण जाणे.

तीन वर्षांपूर्वी मी हे दुकान बंद करायला निघालो होतो. दिवसात एखादं फाउंटन पेन दुरुस्तीला यायचं, तेही कुणाच्या तरी कपाटात सापडलेलं. तेव्हा तू फोन पुढे धरून म्हणालीस, आजोबा, काही विकायचं नाही, नुसत्या गप्पा मारायच्या. मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. ब्रँड, कम्युनिटी असले शब्द तू घास घेता घेता बोलायचीस, आणि तुझी आई म्हणायची, बाबा, तिला आधी जेवू द्या. पण मग तू बाकावरचा माझा पेन तपासायचा चिटोरा उचललास. माझ्या वडिलांची शिस्त होती, की दुरुस्त पेन गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी आपण त्या पेनाने एक अख्खी ओळ लिहायची. गिरगोट्या मारून पेन कळत नाही म्हणायचे, त्याला बोलू द्यावं लागतं. मला दुसरं काय येतं? मी शाळेतल्या कवितेची ओळ लिहायचो. वर्गात खिडकीशी बसून घोकलेल्या, बाईंनी चाल लावून दिलेल्या त्या कविता अजून माझ्या कानात वाजतात.

तू दुकानाच्या नावाने पेज उघडून त्यावर त्या ओळीचा फोटो टाकलास आणि संध्याकाळपर्यंत खाली अनोळखी माणसांनी पुढच्या ओळी लिहिल्या होत्या. कुणी कडव्याचा क्रम चुकवला, दुसऱ्याने दुरुस्त केला, तिसरा म्हणाला आमच्या शाळेत चाल वेगळी होती. मी चष्मा पुसून पुसून वाचत होतो. मला वाटलं, माझा वर्ग परत भरला आहे आणि हजेरी चालू आहे.

मग माणसं ओळखीची झाली. तो ट्रकवाला, जो प्रत्येक ओळ हटकून चुकवतो आणि वर म्हणतो, मास्तरांनी मला असंच शिकवलं. ती रात्रपाळीची नर्स, घरी जाताना ओळ वाचल्याशिवाय तिला झोप येत नाही. आणि त्या निवृत्त शिक्षिका, आपल्या बाई, ज्या ट्रकवाल्याला रोज न कंटाळता सुधारतात. तू हत्यारांच्या कपाटावर एक चिठ्ठी डकवलीस: "आलेल्या प्रत्येकाला उत्तर. दुरुस्त झालं नाही, तर तसं सांगायचं." एका डॉक्टरांचं पेन दुरुस्तीत माझ्या हातून मोडलं, तेव्हा ते फुटल्या नळीसकट तू सगळ्यांना दाखवलंस. मी म्हटलं, झालं, आता कोण येतंय आपल्याकडे. त्या आठवड्यात सतरा पेनं आली. पेजवरच्या या अकरा हजार माणसांना तू काय दिलंस, ते मला त्या दिवशी कळलं. आपण त्यांच्याशी खोटं बोलणार नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

आता हाताबद्दल. आठ महिने झाले, अंगठा ऐकेनासा झाला. निब बसवताना, निबखालची शाईची जीभ साफ करताना कोपर बाकावर रोवलं की निभतं. लिहायला घेतलं की मात्र अक्षर पाण्यात पडल्यासारखं हलतं. तू ते पाहिलंस. नुसतं म्हणालीस, आजोबा, तुम्ही पेन तेवढं तयार करा, ओळीचा फोटो मी आत उजेडात काढते. आणि पेन घेऊन आतल्या खोलीत गेलीस. दुसऱ्या दिवशी पेजवर माझ्या अक्षरातली ओळ होती.

मी पहिल्याच दिवशी ओळखलं, पोरी. माझ्या जाड मात्रा, माझा खाली लोंबणारा र, सगळं तू हुबेहूब उतरवलंस. पण पेन जिथे टेकतं तिथे शाई क्षणभर साचते. माझ्या शिरोरेघेचा ठिपका डावीकडे असतो. त्या ओळीत तो प्रत्येक शब्दाच्या उजव्या टोकाला होता. डाव्या हाताने लिहिणारी तू शिरोरेघ लहानपणापासून उजवीकडून ओढतेस. तुझी आई त्यावरून रागवायची आणि मी म्हणायचो, ओढू दे गं, रेघ सरळ आल्याशी मतलब. मला तेव्हाच तुला हाक मारता आली असती. मारली नाही. लोक मला विचारत होते, माझं कौतुक करत होते, आणि ते सुटू नये असं मला वाटत होतं. तेव्हा या खोट्यातला अर्धा वाटा माझा धर.

पुढे मी म्हणून दाखवलेल्या ओळी तुला पुरेनात. मग एका सकाळी पेजवर आलं: "पाटीवरचं घर पुसलं, धूर मात्र राहिला." खाली शंभरेक जणांनी विचारलं, आजोबा, कितवीची कविता? तू माझ्या वतीने उत्तर दिलंस, तिसरीची. तिसरीचं पुस्तक मला पानांच्या घड्यांसकट पाठ आहे. त्यात असलं घर नाही की असला धूर नाही. मी ती ओळ वाचली आणि हातातलं पेन खाली ठेवून पुन्हा वाचली. इतक्या वर्षांत या बाकावर लिहिली गेलेली ती सगळ्यात चांगली ओळ होती, आणि ती माझ्या घरातली होती.

गेल्या मंगळवारी तू बँकेत गेली होतीस, तेव्हा बाईंचं पत्र आलं. पोस्टाने, निळ्या शाईत, रेघ न चुकता. त्या लिहितात की त्या ओळीची पुढची ओळ त्यांना आठवत नाही. चाळीस वर्षं तिसरीला शिकवलं आणि ही कविता आठवत नाही. बहिणीला घेऊन त्या जुन्या वाचनालयात तीनदा जाऊन आल्या, मिळतील तेवढी क्रमिक पुस्तकं चाळली. बहीण म्हणते, ताई, तुझं विसरणं वाढलंय. आणि बाई लिहितात, आता मलाही तसंच वाटू लागलं आहे, वर्गातल्या मुलींची नावं रोज घोकून बघते. रविवारी पेजवरची माणसं दुकानात जमतील तेव्हा त्याही येणार आहेत, पहिल्या रांगेत बसणार आहेत, आणि ती पुढची ओळ माझ्या हातून लिहून घेणार आहेत.

रविवारसाठी तू आणलेली मनगटाला गुंडाळायची लांब पट्टी मला खणात सापडली. हात लचकला म्हणून सांगायचं, असं तू ठरवलं असशील. मला वाचवायलाच ना? पण लचकलेला हात बरा होतो, खारूताई, आणि लोक पुन्हा ओळ लिहायला सांगतात. शिवाय मला वाचवताना बाई त्यांच्या स्वतःच्या नजरेत वेड्या ठरताहेत. मी रागावून लिहीत नाहीये. हे पत्र तुझ्यासाठी आहेच, पण शाई वाळली की ते दुकानाच्या काचेवर आतून चिकटव, येणाऱ्याला दारातच वाचता येईल असं. त्याचा फोटो पेजवरही टाक, या हलत्या अक्षरांसकट. दुरुस्त झालं नाही, तर तसं सांगायचं. चिठ्ठी तुझीच आहे. आणि बाई येऊन बसल्या की आधी त्यांची माफी आपण दोघांनी मागायची. मग मी एक पेन भरून तुझ्या डाव्या हातात देईन. ती पुढची ओळ कुठल्याच पुस्तकात नाही, तेव्हा तुलाच लिहावी लागेल. तुझ्या स्वतःच्या अक्षरात लिही, शिरोरेघ उजवीकडून ओढून. मी शेजारी उभा राहून वाट बघेन. पुढे काय होतं ते मलाही ठाऊक नाही.

तुझाच,
तुझ्या ओळीपाशी अडलेला
आजोबा

ता. क. पट्टी शोधू नकोस. तुझ्या आईच्या गुडघ्याला ती छान बसली आहे.