बाबांच्या मचाणासाठी एक क्रॉसबो

पेल्की, मिशिगन
१२ ऑगस्ट

ती. हेल्मीताईस,
उजवा खांदा सोडून बाकी सर्वांगाने रेनोचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझ्या भावजयीने, एल्माने, ब्लूबेरीचा जाम केला आहे, दोन बाटल्या तुझ्या नावाने काढून ठेवल्यात. माझ्या खांद्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले. डॉक्टर म्हणाला, हात चालेल, पण धनुष्य ओढायचं आता विसरा. मी शहाण्यासारखी मान हलवली आणि पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसून रडलो. हे एल्माला कळवू नकोस.

आता आपल्या धाकट्या बंधुराजांचं ऐक. तीस वर्षं फ्लिंटला मोटारींच्या कारखान्यात काढून ओन्नी गावी परतला, तो आता सगळ्यांना आपली पेन्शन दाखवत फिरतोय. परवा त्याने क्रॉसबो घेतला, बंदुकीसारखा खांद्याला लावून घोडा ओढायचा आणि बाण सोडायचा, तसला. साडेतीन हजार डॉलरचा! दिवाणखान्यात खुंटीवर टांगलाय, जाणाऱ्या-येणाऱ्याला कॉफीच्या आधी तो दाखवतो. मी छान आहे म्हणालो आणि घरी येऊन जेवलो नाही. जळतोय मी, ताई. उगाच कशाला लपवू?

जंगलातल्या आपल्या शिकारीच्या कॅम्पावरची रीत तुला ठाऊकच आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी तीस पावलांवर कागदी थाळी, घरातल्या प्रत्येकाला तीन बाण. ज्याचे बाण एकमेकांना सर्वांत जवळ, तो एक ऑक्टोबरला, शिकारीच्या पहिल्या दिवशी, बाबांच्या मचाणावर. ज्याचा एकही थाळीला लागत नाही, त्याच्या सदऱ्याचं शेपूट, म्हणजे मागची कड, कापून भिंतीला ठोकायचं. ओन्नीची अकरा शेपटं आहेत तिथे. बाबा गेल्यापासून एकोणीस वर्षं मचाणावर मी बसलो, आणि यंदा तो पैशाच्या जोरावर बसणार.

तेव्हा मलाही क्रॉसबो हवा. छपराचं काम निघालंय म्हणून एल्माने पाचशेची हद्द घातली आहे. तू डुलुथच्या त्या शिकारसामानाच्या दुकानात वीस वर्षं उभी आहेस. अधू खांद्याच्या, चष्मा लागलेल्या माणसाने काय घ्यावं, ते सांग.

लोभ आहेच, तो माझ्या खांद्यासारखा निखळू देऊ नकोस.
तुझा,
रेनो

डुलुथ
२० ऑगस्ट

चि. रेनोस,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा, वि. वि.

तू सदुसष्ट वर्षांचा आहेस की सात? लहानपणी ओन्नीच्या बुटांवरून जेवण सोडायचास, तसाच आहेस.

नीट वाच. खोक्यावर वेग किती लिहिलाय ते बघूच नकोस, गिऱ्हाईक सगळं तिथेच फसतं. तीस पावलांवरच्या हरणाला त्या आकड्याचं काही नसतं. दोरी खटक्यापर्यंत तुझी तुला चढवता येते का, हे आधी बघ. तुझ्यासारख्याने हँडल फिरवून चढवायचाच घ्यावा. पाचशेच्या आत तसे मिळतात, मात्र गेल्या वर्षीचं मॉडेल माग, गोदामात पडलेलं असतं. वजनाला हलका घे. धनुष्याची रुंदी कमी असलेला घे, नाहीतर मचाणाच्या कठड्यावर आपटून आवाज होतो. नेम धरायची दुर्बीण साधी चालेल. आणि दुकानात जाताना जाड कोट घालून जा. ऑगस्टमध्ये सदऱ्यावर जो खांद्याला बसतो, तो ऑक्टोबरमध्ये कोटावर बसत नाही. शंभरेक डॉलर बाणांना आणि सरावाच्या ठोकळ्याला राखून ठेव.

अंगठा खाली. बंदुकीसारखा वरून धरायचा नाही, दोरीच्या वाटेत येतो. पुन्हा लिहिते, अंगठा खाली.

आणि जळणं जरा आवर. त्या कामात तू अजून कच्चा आहेस.

आशीर्वाद आहेतच, तू अक्कल तेवढी वाढव.
तुझी,
हेल्मी

पेल्की
१४ सप्टेंबर

ती. हेल्मीताईस,
डाव्या हाताने लिहिलेला नमस्कार, वि. वि.

अक्षरावरून कळलंच असेल. सगळं सांगतो, हसायचं असेल तेवढं हसून घे.

क्रॉसबो तू म्हणालीस तसाच घेतला. होटनला जाऊन, रणरणत्या उन्हात कोट घालून. दुकानातली पोरगी मी वेडा असल्यासारखी माझ्याकडे बघत होती. गेल्या वर्षीचं मॉडेल, हँडलवाला, तीनशे नव्वदला. खांद्याला असा बसला की मला वाटलं, हा माझ्यासाठीच केलाय. आठ दिवस सराव केला, थाळी सोडली नाही.

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर मी रेनो कसला! शनिवारी ओन्नीकडे गेलो. तो सौनाची न्हाणी तापवायला मागे गेला आणि मी अंगणात एकटा, समोर बाकावर त्याचा साडेतीन हजारांचा. म्हटलं, बघू तरी काय मोठं सोनं लागलंय. हँडल फिरवून दोरी चढवली, बाण ठेवला, उजवा खांदा अधू म्हणून डाव्याला टेकवला, आणि पन्नास वर्षं बंदूक धरलेल्या उजव्या हाताने अंगठा वरून टाकला. तू दोनदा लिहिलेलं ऐन वेळी आठवलं नाही. नख गेलं, सात टाके पडले. बाण ओन्नीच्या नव्या होडीच्या आरपार.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने टॉवेल गुंडाळला आणि मला गाडीत घातलं. वाटेत म्हणाला, ‘बाबांनी तुला जवळ ठेवलं, मला कारखान्यात पाठवलं. दर एक ऑक्टोबरला मी मशीनवर उभा असायचो आणि तू मचाणावर. तीस वर्षं मी तुझ्यावर जळलोय, आणि आता हे महागडं खेळणं घेऊन तुला एकदा तरी जळवायचं होतं.’ मी म्हणालो, जळवलंस बाबा, झालं समाधान.

आता माझ्याने नेम धरवत नाही, आणि अंगठा फुटलेल्या माणसाला हरवून मचाणावर बसणार नाही म्हणून ओन्नी अडून बसलाय. यंदा मचाणावर कोण, ते तूच ठरव, दोघांना मान्य. नेहमीसारखी शनिवारीच ये, आणि वेलचीचा निसू पाव जरा जास्त कर. गेल्या वर्षी पुरला नव्हता.

लोभ असू दे, अंगठ्यावर फुंकरही असू दे.
तुझा,
रेनो

डुलुथ
१९ सप्टेंबर

चि. रेनोस,
आशीर्वाद, वि. वि.

अंगठा कोरडा ठेव. होडीची भरपाई तू करणार आहेस, हे ओन्नीला मी कळवलं आहे.

तुमच्या दोघांच्या जळण्याचं वाचलं. माझी कधी कुणाला आठवण झाली का रे? बाबांनी त्या मचाणावर पहिल्यांदा नेलं ते मला. अकरा वर्षांची होते. तीन शरद त्यांच्या शेजारी बसले, श्वास कसा रोखायचा ते तिथे शिकले. मग तू नऊ वर्षांचा झालास आणि बाबा म्हणाले की हेल्मीने आता आईला हातभार लावावा. तेव्हापासून कॅम्पावर माझी जागा चुलीशी. बाबा गेले तेव्हा वाटलं, आता तरी कुणी विचारेल. तुम्ही थाळी टांगलीत आणि मला पाव किती आणला ते विचारलंत. घरातल्या प्रत्येकाला तीन बाण म्हणतोस. माझे तीन कुठे गेले?

एकोणीस वर्षं मी दर सप्टेंबरला मिशिगनचा हरणांचा परवाना काढते, मी बाहेरच्या राज्याची म्हणून महागडा. पर्समध्ये घालून कॅम्पावर येते आणि तसाच परत नेते. सगळे बिस्किटांच्या डब्यात आहेत. तुझ्यावर मी एवढी जळले आहे, रेनो, की तुझ्यासाठी मांस-बटाट्याची पेस्टी बांधताना कधीकधी मीठ मुद्दाम कमी घातलंय.

तू विचारलंस, अधू खांद्याच्या, चष्मा लागलेल्या माणसाने काय घ्यावं. मी बहात्तरची आहे. ते सगळं मी कुणाच्या खांद्यावरून लिहिलं, असं तुला वाटलं? दुकान बंद झालं की रोज तेच मॉडेल कोटावर लावून बघत होते. विकत घेतलं नाही, कारण घेऊन बसणार कुठे?

शनिवारी येते. पाव आणणार नाही. तुझा क्रॉसबो तेल लावून ठेव. तीन बाण मला लागतील.

लोभ आहे, म्हणून तर एवढं लिहिलं.
तुझी,
हेल्मी

कॅम्प
१ ऑक्टोबर, सकाळचे नऊ

ती. हेल्मीताईस,
चुलीपासून मचाणापर्यंत पोचेल एवढा नमस्कार, वि. वि.

तू चारशे पावलांवर आहेस आणि मी पत्र लिहितोय. समोरासमोर मला हे जमणार नाही.

रविवारी तुझे तीन बाण कॉफीच्या कपात मावतील एवढ्यात लागले, तेव्हा टाळ्या वाजवल्या त्या ओन्नीने. मी नाही वाजवल्या. अंगठ्याचं निमित्त सांगितलं, पण खरं म्हणजे मी जळत होतो. आजही जळतोय. मचाणाची शिडी मी डोळे मिटून चढेन, आणि आज तिथे तू आहेस.

ओन्नीने पाव करायला घेतला, खालून करपला आहे. साडेतीन हजारांचा असूनही थाळी चुकली म्हणून त्याचं बारावं शेपूट भिंतीवर आहे, त्याच्या कडेला तो करपलेला तुकडाही ठोकावा म्हणतो. चुलीत लाकूड किती घालायचं ते आम्हा दोघांना माहीत नाही.

कॉफी तीनदा गरम केली, तिन्ही वेळा कडू झाली. एकोणीस वर्षं मी खाली उतरून आलो की कॉफी ताजी असायची. मला वाटायचं, कॉफी तशीच असते. आज खिडकीशी उभा राहिलो तेव्हा कळलं की झाडांतून कोट दिसेपर्यंत कुणीतरी इथे उभं असायचं.

सावकाश उतर, तिसरी पायरी सैल आहे. तुझा कोट दिसला की नवीन कॉफी टाकतो.

लोभ तुझाच पुरला इतकी वर्षं, आता थोडा आमचाही घे.
तुझा,
रेनो