मुलगी मागितली, मांजर आलं

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
२४ मे २०२४

आदरणीय व्याही विश्वजितराव यांना अनंतरावाचा नमस्कार. विहीणबाईंनाही सांगावा, त्या घेणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी सांगावा.

आपली प्रकृती उत्तम असेलच. पुण्यात नळाला रोज पाणी येतं, मग प्रकृतीला बिघडायला कारण काय? विहीणबाईंचा गुडघा आता बरा आहे ना? आमच्या चारूला आठवा सरत आला, ती बरी आहे, हे जावईबापूंच्या फोनवरून कळतं (फोन नेहमी हिमांशूचाच येतो, दोन मिनिटांचा, आणि चारू नेमकी त्याच वेळी झोपलेली असते). आम्ही उभयता ठीक आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. फोनवर आपण माझं वाक्य मध्येच तोडता आणि ‘बघू’ म्हणता. कागदाला ती सोय नाही. शिवाय बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत टिपणं लिहिण्यात गेली, त्यामुळं माझा राग तोंडापेक्षा लेखणीतून नीट उतरतो. तेव्हा चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

विषय आपलं मांजर. पण त्याआधी मुलीचा. पाडव्याच्या आधी मी आपल्याला रीतसर विचारलं होतं की पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, चारूला न्यायला कधी येऊ? ही रीत काही मी घरात बसून काढलेली नाही. आपण म्हणालात, ‘तुमच्याकडं आठ-आठ दिवस नळ कोरडा, पाऊसही गेल्या साली तोंड दाखवून पळाला, बाळंतिणीचं न्हाणं-धुणं कसं निभवणार तुम्ही?’ शब्द जिव्हारी लागले. दुसऱ्याच दिवशी मी गच्चीवर आणखी एक टाकी बसवली. चारूच्या खोलीला रंग दिला (फिकट पिवळा, विहीणबाईंना गुलाबी चालत नाही, हे लग्नात कळलं होतं). बाज नव्यानं विणून घेतली. फुलंब्रीच्या भागूबाईला सांगावा धाडला. ही म्हातारी म्हणजे खुद्द चारूला न्हाऊ-माखू घालणारी, आता सत्तरी ओलांडली तरी हात तसाच. आणि ऐन पाडव्याला दारात आपली गाडी थांबली. आमची ही, पद्मजा, भाकरतुकडा घेऊन धावत बाहेर गेली. गाडीतून एकटा हिमांशू उतरला. त्याच्या हातात पिंजरा, आणि पिंजऱ्यात आपला नवाब. डॉक्टरांनी म्हणे सांगितलंय, गरोदर बाईजवळ मांजर नको. मान्य. पण म्हणून मांजर इकडं आणि मुलगी तिकडं? उलटं करायचं कुणाला सुचलं नाही? हातात घेतलेला तुकडा परत आत कसा न्यायचा, म्हणून हिनं तो नवाबवरून ओवाळून टाकला आणि आत जाऊन डोळे पुसले.

पिंजऱ्याबरोबर विहीणबाईंच्या अक्षरातलं फर्मान होतं. नवाब फक्त फिल्टरचं पाणी पितो. नवाबला गार फरशी लागते. नवाबला मोठा आवाज सोसत नाही. (आमच्या दारासमोर नव्या पाइपलाइनसाठी रोज सकाळी रस्ता खणतात. पाच वर्षांपूर्वी तिथं ज्वारी उभी असायची, आता सहा इमारती उभ्या आहेत, आणि पाणी तेवढंच आहे.) शहराच्या अर्ध्या माणसांना जे पाणी मिळत नाही ते आम्ही या बोक्याला वाटीतून पाजलं. तरी त्याला मानवलं नाही म्हणा, की जास्तच मानवलं म्हणा, पंधरा-वीस दिवसांत त्याचं पोट सुटलं. मी आपल्याला फोन केला. आपण म्हणालात, ‘तुमच्याकडचं खाणं जड. निम्मं करा आणि रोज फिरवा.’ फिरवा! अडुसष्टाव्या वर्षी मी मांजराच्या गळ्यात पट्टा घालून सकाळी मुकुंदवाडी स्टेशनापर्यंत जायला लागलो. मांजर बसून राहायचं आणि मी ओढायचो. गाडीची वाट बघणारे लोक उठून बघायला यायचे. दूध निम्मं केलं. ते माझ्या पायाशी येऊन ओरडायचं आणि मी सांगायचो, ‘बाबा रे, पुण्याचा हुकूम आहे.’ आज ते आठवलं की मला माझी लाज वाटते, आणि थोडी आपलीही.

कारण मेच्या सुरुवातीला भागूबाई बाज बघायला म्हणून आली. नवाब तिच्या मांडीवर जाऊन बसला. म्हातारीनं त्याच्या पोटावरून एकदा हात फिरवला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच काही गुन्हा केलाय. ‘आवो दादा, ह्यो कसला नवाब? ही तर पोटुशी हाय! आन् तुमी हिला उपाशी ठिवली व्हय?’ मला पटेना. मी शेजारच्या हैदरभाईंना हाक मारली. हे जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, सव्वीस वर्षं अडलेल्या गाई-म्हशी सोडवल्या. त्यांनी मांजर उलटं-पालटं करून बघितलं. ‘अनंतराव, ये नवाब नै, बेगम है. पंधरा दिन, बस्स.’ झालं! मी आपल्याला ताबडतोब कळवलं. अभिनंदन राहिलं बाजूला, आपण म्हणालात की आमच्या सोसायटीत भटका बोका शिरूच शकत नाही, हा प्रकार तुमच्या गल्लीतलाच. व्याहीबुवा, मांजराचे दिवस दोन महिन्यांचे. आमच्याकडं येऊन तिला तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. उरलेला हिशोब आपल्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा. उगाच आमच्या गल्लीतल्या बोक्यांवर आळ घेऊ नका, ते गरीब आहेत.

मग काय, चारूसाठी मांडलेलं सगळं मांजराच्या वाट्याला गेलं. बाज गेली, मऊ दुपटी गेली, पिवळी खोली गेली. हिनं हौसेनं केलेले डिंकाचे लाडू तेवढे वाचले. मांजरानं वास घेऊन तोंड फिरवलं (ही म्हणाली, सासरचं वळण). डोहाळे तिला लागले मासळीचे. आमच्या घरात भिक्षुकी सुटून दोन पिढ्या झाल्या, तरी चातुर्मासात अजून कांदा चिरत नाहीत. पण पोटुशीचं मन मोडू नये, म्हणून हैदरभाईंच्या महेजबीनभाभी कंपाउंडच्या भिंतीवरून रोज उकडलेल्या मासळीची वाटी द्यायच्या आणि मी ती नाकाला उपरणं लावून खोलीपर्यंत न्यायचो. माझे आजोबा वरून बघत असतील तर त्यांनी मला नातवांतून केव्हाच वगळलं असेल.

आता गेल्या रविवारचं ऐका. रविवार म्हणजे आमचा आठवा दिवस, पाण्याचा. सकाळी बघतो तर खोलीत मांजर नाही. बाजेखाली नाही, कपाटात नाही, गच्चीवर नाही. भागूबाई तिच्यासाठीच येऊन राहिली होती, तीही शोधून दमली. शेवटी अंगणातून बारीक कण्हणं ऐकू आलं. आमचा जमिनीतला हौद आठव्या दिवशी पार कोरडा पडतो. तो घासून वाळावा म्हणून रात्रीच झाकण काढून ठेवलं होतं. बाईसाहेबांनी नेमकी तीच जागा पसंत केली होती. अंधारी, शांत, आणि खाली गार फरशी. हैदरभाई हौदाच्या तोंडाशी पालथे पडले, आत बॅटरी मारली आणि म्हणाले, पहिलं पिल्लू अडकलंय. आणि त्याच क्षणी गल्लीत ओरडा झाला, ‘पाणी आलं, पाणी आलं!’

आमचा नळ सरळ हौदात पडतो. नळ येतो तासभर. मग पुन्हा आठ दिवसांनी. मी पळत जाऊन कॉक बंद केला. विश्वजितराव, आपल्याला हे वाक्य साधं वाटेल, पण या शहरात आलेल्या पाण्याचा कॉक स्वतःच्या हातानं बंद करणारा माणूस आपल्याला दुसरा सापडणार नाही. सगळ्या गल्लीच्या मोटारी घरघरत होत्या, समोरच्या इमारतीच्या टाकीतून पाणी उतू जाऊन रस्त्यावर वाहत होतं, आणि मी कॉकवर हात ठेवून उभा. मग मात्र मी मागचा-पुढचा विचार केला नाही. धोतर खोचलं आणि हौदात उतरलो. वरून हैदरभाई सांगतायत, ‘खींचो मत, कळ येऊ द्या, कळेबरोबर ओढा’, भागूबाई कोमट तेलाची वाटी खाली सोडतेय, आणि खाली तो मुका जीव माझ्या हाताला नखं लावून माझ्याकडं बघतोय. दोन तास लागले. चार पिल्लं झाली, काळी-पांढरी. आई सुखरूप. वर आलो तेव्हा नळ केव्हाच गेला होता.

म्हणजे गच्चीवरच्या दोन्ही टाक्या तेव्हापासून रिकाम्या आहेत, हे मी लपवत नाही. पण हैदरभाईंकडून दोन हंडे आले, समोरच्यांनी लाजेकाजेस्तव चार बादल्या दिल्या, एक टँकर मागवला. आणि बाळंतिणीचं सगळं व्यवस्थित चाललंय. दुपटी रोज धुतली जातात. मी स्वतः दोन दिवसांतून एकदा अंघोळ करतो, माझं काही अडत नाही. तेव्हा या घरात बाळंतपण होऊ शकत नाही, असं आपण यापुढं कुणाजवळ म्हणू नये. कोरड्या हौदात झालंय.

एवढं सगळं कळवायचं कारण इतकंच, की पिल्लांनी डोळे उघडले की आपण आपलं मांजर घेऊन जावं. विहीणबाईंना नमस्कार. चारूला आणि हिमांशूला आशीर्वाद.

आपला,
अनंत

ता. क. – मांजर न्यायची घाई नाही. खरं सांगायचं तर एक पिल्लू ठेवून घ्यावं म्हणतो. ते माझ्या वहाणेत झोपतं.

ता. क. २ – मांजराचं राहू द्या. आठव्यात प्रवास नको, हे मलाही कळतं. पण नववा लागला की चारूला पाठवा. मी न्यायला येतो, गाडी सावकाश आणतो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला विनंती केली नाही, फक्त अर्ज केले. ही विनंती आहे. ती खोली मांजरासाठी रंगवली नव्हती हो. माझ्या लेकीचं बाळ माझ्या घरी रडावं, एवढीच माझी इच्छा आहे, आणि ती तुमच्या एका ‘बघू’वर अडून बसली आहे.

विश्वजितदादा, पुढचं मी लिहितेय, पद्मजा. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय, आणि खाली थोडी जागा आहे.

हौदात मी उतरले होते. यांचं पोट त्या तोंडातून जात नाही, आणि धोतर तर यांनी आमच्या लग्नानंतर नेसलेलं मला आठवत नाही. कॉक मात्र यांनीच बंद केला, ते खरं आहे, आणि तेव्हा हे रडत होते. पिल्लं पाच होती. अडकलेलं पहिलं गेलं. ते यांनी लिहिलं नाही, आणि मीही चारूला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आता खरी गोष्ट. चारूनं मला पाडव्याच्या आधीच सांगितलं होतं, ‘आई, मला तिकडं नको. पाणी आलं की झोपेतून उठून पळायचं, तांब्याभर जास्त सांडलं की बाबांचं ओरडणं, माझं सगळं लहानपण त्यातच गेलं. बाळंतपणात तरी मला नळ सोडला की पाणी पाहिजे. पण हे बाबांना माझ्या तोंडानं सांगवत नाही.’ मग तिनं ते तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही सगळा वाईटपणा स्वतःच्या अंगावर घेतलात. मला तिचा लई राग आला होता. तीन दिवस मी फोन घेतला नाही. तरी पाडव्याला गाडी थांबली तेव्हा वाटलं, पोरीचं मन बदललं, म्हणून तुकडा घेऊन धावले. पुढं एकदा हौद घासायला खाली उतरले, कंबर धरून तिथंच बसले, आणि पोरीचं काही चुकलं नाही असं वाटलं.

तेव्हा दादा, या पत्राला उत्तर नकाराचंच पाठवा. आणि आजवर बोललात तसंच तिरकं लिहा. जरा जरी गोड लिहिलंत, तरी यांना संशय येईल.