ताईची गाडी मी खोलली

१४ मार्च
ही वही घरात येऊन बारा दिवस झाले आणि पहिलं पान आज उघडतोय. दोष पेनाचा. चांगलं पेन आणल्याशिवाय लिहायला बसायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पेन आणायला निघालो की वाटेत काहीतरी निघायचंच. एकदा तर सायकलवाल्याशी बोलत तीन तास गेले. शेवटी आज आईच्या पर्समधलं घेतलं. अडखळत चालतं. असो.

वही ताईने दिली. अट एकच, की गाडीचा जो बोल्ट काढशील तो कुठून काढलास ते आधी लिही, मगच पुढच्याला हात लाव. बारा दिवसांत पुढची दोन्ही चाकं, ब्रेक, स्प्रिंगा, चाकं धरणारे खालचे आर्म, सगळं उतरवलं. लिहिलेलं काही नाही, पण डोक्यात पक्कं आहे. बोल्ट एकाच बादलीत टाकलेत, म्हणजे हरवायचा प्रश्न मिटला.

उद्यापासून रोज नोंद.

१९ मार्च, सकाळी ११
मूळ मुद्दा लिहायचाच राहिला होता. ताई दिवसा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि सुट्टीला डोंगराच्या रस्त्यावर गाड्या पळवते. शर्यतीत. एका मोठ्या टीमने २५ मेला चाचणी ठेवलीय. आपापली गाडी आणायची, डोंगर एकदा चढायचा, सगळ्यात कमी वेळ ज्याचा त्याला पगारी जागा. वय तिशीच्या आत हवं. ताई ऑगस्टमध्ये तीस पूर्ण करते. म्हणजे हीच चाचणी, दुसरी नाही.

तिची गाडी पुढून खडखडत होती आणि इंजिन तेल पीत होतं. नेहमीच्या वर्कशॉपला जूनपर्यंत वेळ नाही. मी म्हटलं, त्यात काय, मी करतो. ताईचं आधी नाहीच होतं. मग आईने शब्द टाकला. पोराला एक तरी काम भरवशाने देऊन बघ, म्हणजे घरी टिकेल. मीही सांगितलं की मागच्या शहरात गॅरेजमध्ये दोन वर्षं काढलीत.

दोन महिने. गाड्या धुवायला. पण धुताना माणूस गाडी जितकी जवळून बघतो तितकी मेकॅनिकसुद्धा बघत नाही.

२६ मार्च
ठराव: सकाळी सात ते दुपारी एक काम. फोन घरात ठेवायचा.

२७ मार्च
साडेदहाला उठलो. फोन शेडमध्ये लागतोच, व्हिडिओ बघायला. ठराव दुरुस्त केला.

आज ब्रेकचे कॅलिपर लाल रंगवले. कुणी सांगितलं नव्हतं. सुचलं.

३ एप्रिल
इंजिन बाहेर! साखळीने उतरवलं. शेवटी वीतभर जरा वेगात आलं, एवढंच. शेजारचे पाना-काका कुंपणावरून बघत होते. इंजिनाच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढून रिटायर झाले, तरी लोक खिशाला पेन लावतात तसा हे छोटा पाना लावून फिरतात. मला विचारतात, इंजिन उतरवलंस की टाकलंस? म्हातारपणी माणसाला दुसऱ्याचं यश बघवत नाही.

ताईने रात्रपाळ्या मागून घेतल्यात, मेमध्ये रजा साठावी म्हणून. डोळे सुजलेत तिचे. मी म्हटलं, तब्येतीकडे बघ जरा. काहीतरी पुटपुटली आणि बादलीकडे बघून आत गेली.

९ एप्रिल
हॉलमध्ये ताई खुर्चीवर डोळे मिटून बसते. हातात स्टीलचं ताट. ते स्टिअरिंग. डोंगरावरची एकेचाळीस वळणं एकामागून एक घेते, पाय फरशीवर दाबते, पुटपुटते. आज मी तेविसाव्या वळणावर विचारलं की ताट मोकळं होईल का, मला जेवायचंय. तिने डोळे न उघडता सांगितलं की जेव, कागदावर जेव. एवढा राग कशाला? मला काय माहीत चोविसावं सगळ्यात अवघड आहे.

१२ एप्रिल, दुपारी ४
आजचा दिवस सोन्याचा. इंजिनाच्या पोटात एक जाड दांडा फिरतो, क्रँक. त्याला पाच लोखंडी कॅपांनी दाबून धरलेलं असतं. कॅप इतक्या काळ्या, मळक्या! बघवेनात. ग्राइंडरला पॉलिशची चकती लावली आणि सकाळपासून एकेक घासली. खाचाखोचा, खरवडे, जुने ठोकलेले आकडे-बिकडे सगळं गुळगुळीत. आता तोंड दिसतं त्यात. पाचही अगदी सारख्या. ओळीने मांडून फोटो काढले. आईला दाखवले. आई म्हणाली, बाई गं, कशा चमकतायत! आईला कळतं.

१४ एप्रिल
पाना-काका शेडमध्ये आले. कॅप हातात घेऊन उलटी केली, सुलटी केली, दुसरी घेतली, मग चष्मा पुसून परत पहिली. आकडे कुठायत, म्हणाले. मी म्हटलं, काढले. मग ते एका उलट्या डब्यावर बसलेच. पाणी दिलं.

त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक कॅप आपल्याच जागी बसते, आपल्याच तोंडाने. आकडा असतो तो त्यासाठी. केसाइतका फरक असतो, डोळ्याला दिसत नाही. अदलाबदल झाली की क्रँक आवळला जाणार. मी हिशेब केला. पाच कॅप, एकशेवीस प्रकारे बसतील. दिवसाला चार धरले तर महिन्यात काम फत्ते. काका म्हणाले, आणि उलट्या बसल्या तर? मग आकडा चार हजारांच्या जवळ जातो. नकारात्मक माणूस.

उपाय आहे म्हणाले. सगळं मशीन शॉपला द्यायचं, ते क्रँक बसतो ती भोकं नव्याने एका ओळीत कापून देतात. तीन आठवडे. आज दिलं तर चाचणीला वीस दिवस राहतील. माझा जुना माणूस आहे तिथे, मी येतो बरोबर, ताईला सांग फक्त.

ताईला सांगायचं हीच तर अडचण. काकांना म्हटलं, मी सांगतो तिला, तुम्ही मध्ये पडू नका.

१५ एप्रिल
ताई दमून आली होती. नाही सांगितलं. माणसाला माणसाची कीव हवी.

२१ एप्रिल
सांगणार होतो. तिने स्वतःहून विचारलं नाही.

२८ एप्रिल, सकाळी ९
ताई शेडच्या दारात उभी राहिली. आत नाही आली. म्हणाली, खरं सांग. तिचा एक ओळखीचा आपली गाडी चाचणीपुरती द्यायला तयार आहे. संध्याकाळपर्यंत कळवायचंय, नाहीतर तो दुसऱ्याला देणार. नसेल होत तर नाही म्हण, मी काही बोलणार नाही, आईची शपथ.

मला फार लागलं. दोन महिने माझ्या नखांतलं ग्रीस निघालेलं नाही आणि ही परक्याची गाडी घेऊन जाणार? म्हटलं, नव्वद टक्के झालंय. उरलं काय, जोडायचंच. ती म्हणाली, शप्पथ? मी म्हटलं, शप्पथ. तिने तिथेच उभ्याउभ्या फोन लावून त्या माणसाला नको म्हणून कळवलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा.

किती बरं वाटलं. आज कामाला सुट्टी घेतली.

६ मे
एकतीस प्रकार करून बघितले. क्रँक हलत नाही. बोल्ट पूर्ण आवळले की जाम. काका कुंपणाशी येत नाहीत आता. खिडकीतून बघतात.

११ मे
सापडलं! सगळ्यांनी उगाच बाऊ केला होता. बोल्ट पूर्ण आवळायचेच नाहीत. थोडे सैल ठेवले की क्रँक लोण्यासारखा फिरतो. पुस्तकात नसतं हे. हे हाताला कळावं लागतं.

१६ मे
इंजिन गाडीत. पुढची बाजूही जोडली. बादलीत चौदा बोल्ट उरले. कंपन्या जादाच लावतात. गाडी पुढून चार बोटं वर राहिलीय आणि थोडी डावीकडे बघते. खाली बसेल चालवली की.

१८ मे, सकाळी ८.१०
ताई शूज घालून आली. शर्यतीचे. आईने दारात उभं राहून हात जोडले. काका पायजम्यातच धावत आले आणि ताईला काही सांगू लागले, पण मी म्हटलं, काका, आधी ऐका तर आवाज.

सुरू झालं! पहिल्या झटक्यात! ताईने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी. खोटं नाही लिहीत. चार मिनिटं इंजिन चाललं. घड्याळ लावून बघितलंय, पूर्ण चार. मग ताईने रेस दिली. आतून कुणीतरी हातोडीने ठोकतंय असा आवाज आला, ठोके वाढत गेले, आणि एकदम धाडकन. खाली तेल. इंजिनाच्या कुशीत मूठ जाईल एवढं भोक. 

ताई आतच बसली होती. स्टिअरिंगला धरून. काकांनी तिला सगळं सांगितलं. कॅप, आकडे, मशीन शॉप, १४ एप्रिल. तारखेसकट. चहाडी करायला स्मरणशक्ती बरी असते. तिने एकच विचारलं, अठ्ठावीसला तुला हे माहीत होतं? मी म्हटलं, चार मिनिटं चाललं की नाही ते सांग.

आईने मला आत नेलं. नाश्त्याला बसलो तर माझ्यासमोरचं अंड्याचं ताट उचललं. आईसुद्धा.

२६ मे
ताई काल बसने गेली होती. नाव मागे घ्यायला. मी म्हटलं, फोनवर पण जमलं असतं. आज आईने तिच्याकडून एकेक शब्द काढला, मी दाराआडून ऐकला. तिथे एक माणूस कमी होता म्हणून ताईला चोविसाव्या वळणावर झेंडा देऊन उभं केलं. दिवसभर एकोणीस गाड्या डोळ्यांसमोरून गेल्या. जागा एका बावीस वर्षांच्या मुलीला मिळाली. त्या मुलीने सुरुवातीला फोटोसाठी हेल्मेट काढून ताईच्या हातात दिलं होतं. काकू, जरा धरता का, म्हणाली. मग म्हणे, तुम्हीसुद्धा चालवायचात ना पूर्वी?

मुलीची वेळ ताईच्या मागच्या वर्षीच्या वेळेपेक्षा सहा सेकंदांनी जास्त होती. हे ताई नाही म्हणाली. काका म्हणाले.

माझ्या मते जे झालं ते बरं. डोंगराच्या शर्यतीत माणसं मरतात. एका अर्थी मी तिला वाचवलं. सांगणार होतो, पण ती खोलीचं दार लावून बसलीय.

९ जून, सकाळी १०.३०
घाईत लिहितोय. ताई आठवडाभर माझ्याशी गोड बोलतेय. काल चहा केला माझ्यासाठी. साखर बरोबर. माणूस शेवटी कदर करतोच, फक्त वेळ द्यावा लागतो.

आणि आत्ता फाटकाशी एक पांढरी गाडी थांबलीय. बुटकी, पुढून खडखडणारी. तीच मुलगी! टीमवाली! म्हणते, रविवारी टीमकडून पहिली शर्यत आहे, पुढून आवाज येतोय आणि इंजिनही एकदा उघडून बघायचंय. कुणाकडे द्यावी म्हणून काकूंना फोन केला, तर त्यांनी तुमचंच नाव सांगितलं. माझ्या भावाशिवाय कुणाला हात लावू देऊ नकोस म्हणाल्या.

काका खिडकीतून दोन्ही हात हलवून तिला काहीतरी खुणावतायत. त्यांची खिडकी आईने बाहेरून लोटून घेतली.

ताई स्वतः फाटक उघडायला गेलीय.